माहेरचे नाव, सासरचे गाव

महाविद्यालयात नॅकची समिती येणार असली की माजी विद्यार्थी संघाची आठवण होते. नॅकच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण असतात. मग फोन सुरू होतात, निमंत्रण फिरते, मंडप पडतो. मंचावर वकील, ठेकेदार, पंचायत समितीचे माजी सभापती आणि पुण्याहून मुद्दाम आलेले एखादे इंजिनिअर बसतात. खाली पहिल्या रांगेत चार-पाच बायका असतात. त्याही बहुधा त्याच गावात राहणाऱ्या. वर्गात पहिल्या-दुसऱ्या आलेल्या मुली कुठे गेल्या, हे विचारायचे कुणाच्या डोक्यात येत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले: “लग्न होऊन गेल्या, आता कुठे सापडणार?”

खरी अडचण याच वाक्यात आहे. पुरुष शोधणे सोपे असते. रजिस्टरमधले त्याचे नाव तीस वर्षांनीही तेच राहते आणि त्याचे घरही बहुधा त्याच मोहल्ल्यात असते. आपल्याकडे मुलीचे नाव दाखल्यावर ‘शबाना परवीन शेख रहीम’ असे असते. निकाहनंतर तीच बाई रेशन कार्डावर ‘शबाना परवीन मोहम्मद इरफान’ होते, मतदार यादीत ‘शबाना बी’ आणि शाळेच्या मस्टरवर आणखी काही. आमच्या बी.एड.च्या वर्गात दोन शबाना, तीन नाजिया आणि दोन रेश्मा होत्या. कॉलेजच्या रजिस्टरवरून त्यांना शोधायचे म्हणजे उन्हाळ्यात विहिरीचा तळ शोधण्यासारखे.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या, बी.एड.च्या एका वर्गातल्या मैत्रिणी. वय चाळिशीचे. काही जणी जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत आहेत, काही खासगी शाळांत, तर काहींनी पदवी फ्रेम करून भिंतीला लावली आणि घर सांभाळले. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला तेव्हा पहिले दोन महिने ईद होती. जुने फोटो आले, सरांच्या नकला झाल्या, कुणाची मुलगी किती उंच झाली ते कळले. त्यानंतर ‘सुप्रभात’, ‘जुमा मुबारक’, गुडघेदुखीवरचे उपाय आणि कुठूनतरी पुढे ढकललेले, खरे की खोटे माहीत नसलेले निरोप. सहा महिन्यांत निम्म्या जणींनी ग्रुप म्यूट केला. वाचक भगिनींनो, तुमच्याही मोबाइलमध्ये असा एखादा ग्रुप असेलच.

आठवणींवर ग्रुप किती दिवस चालणार? आठवणी तेवढ्याच असतात, त्यात नवीन भर पडत नाही. आमचा ग्रुप जिवंत झाला तो एका दाखल्याच्या शोधामुळे.

आमच्यापैकी एकीच्या नणंदेची मुलगी. बारावी सायन्सला चांगले गुण, इंजिनिअरिंगला जायची तयारी. घर बागवानांचे, वडिलांची भाजीची गाडी. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय घेतला की ज्यांच्या घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे अशा ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. बागवान ओबीसीत येतात. तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन हेही येतात. म्हणजे सवलत या मुलीला लागू. पण त्यासाठी जातीचा दाखला हवा, आणि ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेचा दाखला काढला तर जातीच्या रकान्यात फक्त ‘मुसलमान’. त्या काळच्या मास्तरांना पुढे काय लागेल हे कुठून माहीत असणार? मुलीचे वडील सेतू केंद्राच्या चार चकरा मारून थकले आणि म्हणाले, राहू द्या, बी.ए.ला टाकतो, गावातच आहे.

त्या रात्री ग्रुपवर निरोप पडला. आजोबांचा मोठा भाऊ कुठल्या गावी शिकला होता, एवढाच एक धागा होता. ते गाव दारव्हा तालुक्यातले. आमच्यातली एक जण लग्न होऊन त्याच भागात गेलेली आणि जवळच्या शाळेवर शिक्षिका. तिने जुने दाखल-खारीज रजिस्टर कुठे असते, कुणाच्या ताब्यात असते याची चौकशी केली. रजिस्टर उर्दूत, शिकस्ता हाताचे. तहसील कार्यालयाच्या कारकुनाला ते वाचता आले नसते आणि मुलीच्या वडिलांनाही नाही. आमच्या मैत्रिणीला आले. मोठ्या भावाच्या नावापुढे ‘बागवान’ लिहिलेले होते. मुलीच्या वडिलांनी मुख्याध्यापकांकडे रीतसर अर्ज केला आणि साक्षांकित नक्कल मिळाली. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र कसे लिहायचे ते दुसऱ्या एका मैत्रिणीने सांगितले, तिचे मालक तलाठी आहेत. मुलीला दाखला मिळाला, पुढे नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणीही मार्गी लागली. ती आज अमरावतीला दुसऱ्या वर्षात आहे.

या कामानंतर एक गोष्ट लक्षात आली. लग्नामुळे आम्ही पांगलो, म्हणून आमचा संघ होऊ शकत नाही, असे सगळे म्हणत होते. प्रत्यक्षात पांगलो म्हणूनच ते काम झाले. सगळ्या यवतमाळ शहरातच असतो तर दारव्ह्याचे रजिस्टर कुणी उघडले असते? आमच्या जिल्ह्यात १६ तालुके. यवतमाळपासून वणी एका टोकाला, उमरखेड दुसऱ्या टोकाला, दोन्हीकडे शंभराहून जास्त किलोमीटर. पुसद, दिग्रस, आर्णी, नेर, घाटंजी, पांढरकवडा, जिथे जिथे मुलगी दिली तिथे आमचे एक माणूस आहे. पुरुषांच्या संघाला असे जाळे विणायला शाखा काढाव्या लागतात. आमचे जाळे आमच्या आई-वडिलांनी स्थळे बघता बघता फुकटात विणून ठेवले!

म्हणून पहिले काम यादीचे केले. एक साधी वही. रकाने असे: माहेरचे पूर्ण नाव, म्हणजे बी.एड.च्या गुणपत्रिकेवरचे, आताचे नाव, माहेरचे गाव, सासरचे गाव, शाळा किंवा काम, आणि शेवटी ‘काय येते’. या शेवटच्या रकान्यावर सगळ्या हसल्या होत्या. पण आज तोच सर्वांत उपयोगी. कुणी जुने उर्दू हस्ताक्षर वाचते, कुणी महाडीबीटीवर अर्ज भरण्यात तरबेज, कुणाचा भाऊ औषधांच्या दुकानात, कुणाला गणित शिकवता येते. नोकरी नसलेल्या मैत्रिणींनी हा रकाना सुरुवातीला कोरा ठेवला होता. त्यांच्याकडून तो भरून घ्यायला वेळ लागला. त्यातल्याच एकीला सरकारी दवाखान्यातले सगळे विभाग, ओपीडीच्या वेळा, कोणत्या खिडकीवर आधी जायचे, हे पाठ आहे. सासूच्या आजारपणात पाच वर्षे घालवून मिळवलेले ज्ञान.

जून-जुलै हा आमचा हंगाम झाला. दहावी-बारावीचा निकाल लागला की दाखल्यांचे काम. सगळ्यात जास्त वेळ खातो तो नावाचा घोळ. ‘शेख’ हा एक शब्द इंग्रजीत किती तऱ्हेने लिहावा? आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे, बँकेत तिसरे. वडिलांच्या नावात ‘मोहम्मद’ असेल तर कुठे पूर्ण, कुठे ‘मो.’ आणि कुठे ‘एम.डी.’. पोर्टल ही सगळी वेगवेगळी माणसे समजते आणि शिष्यवृत्ती अडकते. यावर उपाय निकालानंतर करून भागत नाही. म्हणून आमच्या ज्या मैत्रिणी हायस्कूलला आहेत त्या आता नववीतच, बोर्डाचा फॉर्म भरण्याच्या आधी, मुलींचे आधार आणि शाळेचे रजिस्टर समोरासमोर ठेवून पाहतात. एका वर्गाला दोन तास लागतात. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर चुकीचे नाव छापून आले की दुरुस्तीला महिने जातात.

केंद्राच्या काही योजना गेल्या काही वर्षांत बंद झाल्या. पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती थांबली, संशोधनासाठीची मौलाना आझाद फेलोशिप डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाल्याचे संसदेत सांगण्यात आले. हे वाईटच झाले. पण जे उरले आहे तेही आपल्या मुलींपर्यंत पोचत नाही, त्याचे काय? हळहळ करणारे निरोप ग्रुपवर शंभर येतात, उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो हे सांगणारा एकही येत नाही. आम्ही मार्च संपताच तो एक निरोप टाकतो.

मैत्रिणींची अशी गाठ बांधणे आपल्याकडे नवीन नाही. लाहोरमध्ये १८९८ साली मुहम्मदी बेगम आणि त्यांचे पती सय्यद मुमताज अली यांनी ‘तहजीब-ए-निस्वां’ हे बायकांचे साप्ताहिक काढले. वाचणाऱ्या स्त्रिया स्वतःला ‘तहजीबी बहनें’ म्हणवून घेत. त्यातल्या बहुतेक पडद्यात राहणाऱ्या, एकमेकींना कधी न पाहिलेल्या. पत्रांतून ओळखी झाल्या, त्यातून मुलींच्या शिक्षणाच्या कामाला हात लागले. मुंबईच्या अतिया फैजी १९०६ मध्ये लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला गेल्या, म्हणजे एका अर्थी आमच्या बी.एड.च्या पूर्वजच. त्यांची तिकडची रोजनिशी याच साप्ताहिकात येत असे. पुढे तिचे ‘जमाना-ए-तहसील’ नावाने पुस्तक झाले. त्याच १९०६ साली शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहां बेगम यांनी अलीगढमध्ये मुलींची शाळा सुरू केली. त्या शाळेचे पुढे विमेन्स कॉलेज झाले आणि याच घरातल्या, याच शाळेत वाढलेल्या मुमताज जहां हैदर अनेक वर्षे त्याच्या प्राचार्या होत्या. शिकून गेलेली मुलगी परत संस्थेला उभे करते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

अमेरिकेत तर महाविद्यालयीन मुलींच्या भगिनीसंघांची मोठी परंपरा आहे. नावे ग्रीक अक्षरांची. त्यांचे सगळेच घेण्यासारखे नाही. आवडीच्या मुली निवडायच्या, बाकीच्यांना बाहेर ठेवायचे, गुप्त शपथा घ्यायच्या, हे आपल्याला कशाला हवे? पण दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. डेल्टा सिग्मा थीटा हा संघ जानेवारी १९१३ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात २२ कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी स्थापन केला आणि ३ मार्चला त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. संघाला दोन महिनेही झाले नव्हते, पण हाती काम होते. शिवाय अशा संघांत सभासदत्व जन्मभराचे असते. नोकरीने वा लग्नाने दुसऱ्या शहरी गेलेली बाई तिथल्या पदवीधर शाखेत जाऊन बसते. दुसरा संघ पाय बीटा फाय. त्यांनी १९१२ मध्ये टेनेसी राज्यातल्या डोंगराळ गॅटलिनबर्गमध्ये शाळा काढली, पैसे जमवले, शिक्षिका पाठवल्या आणि ते काम पिढ्यान् पिढ्या सोडले नाही. शाळा सरकारी व्यवस्थेकडे गेली तशी त्यांनी हस्तकला शिकवण्याची बाजू धरली. त्यातूनच झालेली अ‍ॅरोमाँट ही कलाशाळा आजही तिथे चालते.

पैशाचा विषय आमच्याकडे सगळ्यात नाजूक. बायका एकत्र आल्या की भिशीची सूचना येतेच. भिशीला आमचा विरोध नाही, पण तिचा नंबर लागला की माणूस निघून जातो. आम्ही महिन्याला शंभर रुपये ठरवले. जिला जमत नाही तिने देऊ नये, आणि कुणी दिले, कुणी नाही, हे फक्त दोघींनाच माहीत असावे. हिशोब मात्र सगळ्यांसमोर, रुपया न् रुपया: झेरॉक्स, अर्जाची फी, एकदा एका मुलीचे रेल्वेचे भाडे. रोख मदत शक्यतो करत नाही. फी असेल तर ती थेट कॉलेजात भरायची. संस्था नोंदवावी का, यावर दोन बैठका गेल्या. १८६० च्या कायद्याखाली नोंदणीला सात सभासद पुरतात, ते आहेत. पण आपल्या राज्यात त्याबरोबर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी येते, दरवर्षीचे लेखापरीक्षण येते, कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज येतो. आमच्या मते वर्षाला काही हजार रुपयांच्या कामासाठी हा पसारा मांडण्यात अर्थ नाही. अध्यक्ष-सचिव निवडायची वेळ आली की चांगल्या चाललेल्या गाड्या थांबतात, हे जिल्ह्यात आम्ही पुष्कळ पाहिले आहे. उद्या मोठा निधी हाती आला तर नोंदणी करावीच लागेल, ते वेगळे.

दुसरा वाद अधिक खोल होता. आमच्या वर्गात उर्दूवाल्या जशा होत्या तशा मराठी माध्यमाच्या हिंदू, बौद्ध मैत्रिणीही होत्या. ग्रुप फक्त आपल्या मुलींचा ठेवायचा की वर्गाचा? काहींचे म्हणणे होते, घरगुती गोष्टी मोकळेपणाने बोलता आल्या पाहिजेत. एकीने विचारले, “बी.एड.ला पाठाची टाचणे त्यांच्याकडून मराठीत तपासून घेतली, तेव्हा मोकळेपणा कुठे अडला होता?” यावर फारसे उत्तर नव्हते. ग्रुप वर्गाचा झाला. त्याचा फायदा लगेच दिसला. जात पडताळणी समितीसमोर काय लागते, याचा अनुभव बौद्ध मैत्रिणींच्या घरांत आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि त्यांच्या भागातल्या मुलींना इंग्रजी-गणिताला बसवायला आमच्या दोघी जातात.

बैठक वर्षातून तीनदा. रमजान सोडून, पेपर तपासणीचा मार्च-एप्रिल सोडून, कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत नाही. आमच्यातल्या काहींच्या घरी वावर आहे. जागा दर वेळी वेगळा तालुका. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट झाले आणि आमची हजेरी वाढली, हे सांगायला हरकत नाही. जेवणाचा नियम कडक: खिचडी किंवा वरण-भात, एक भाजी. पूर्वी जिच्या घरी बैठक ती बिर्याणी, शीरखुर्मा, वर दोन गोड, आणि पुढच्या वेळी ज्यांना ते परवडत नाही त्या यायच्याच नाहीत. मुले आणली तर चालतात. सासूबाई आल्या तर उत्तमच. एकदा बैठकीत काय चालते ते डोळ्यांनी पाहिले की पुढच्या वेळी त्याच सुनेला म्हणतात, “जा बेटा, गाडी चुकेल.”

दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकीचे मालक अचानक गेले. तिने बी.एड.नंतर एक दिवसही नोकरी केली नव्हती. इद्दतीच्या चार महिने दहा दिवसांत दर रविवारी कुणीतरी एक तिच्याकडे जात असे. बसायचे, जेवायचे, रडायचे, आणि जाताना एखादा कागद तपासून यायचे: विम्याचा, बँकेचा, वारस नोंदीचा. शेवटच्या महिन्यात एकीने सहावीचे विज्ञानाचे पुस्तक नेले. आज ती एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. पगार फार नाही, पण घराचा किराणा भागतो.

सध्याचे मोठे काम आमचे स्वतःचे आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना सेवेपुरती सूट, पण बढती हवी तर परीक्षा द्यावी लागेल. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या खंडपीठाकडे सोपवला. म्हणजे आमच्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांवर असलेल्यांना चाळिशी-पंचेचाळिशीत पुन्हा परीक्षेला बसणे आले. निकालाच्या दिवशी ग्रुपवर कुणी रडले, कुणी सरकारला बोल लावले. न्याय-अन्यायाचे शिक्षक संघटना बघतील. आम्ही दुसऱ्या दिवशी पेपर वाटून घेतले.

१५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, मागास प्रवर्गाला ५५. रात्री साडेनऊला, भांडी आवरली की, अर्धा तास सामूहिक कॉल असतो. सोमवारी बालमानसशास्त्र, मंगळवारी गणित, बुधवारी परिसर अभ्यास. उर्दूवाल्यांची मराठी मराठीवाल्या घेतात, आणि मराठीवाल्यांना विज्ञान आमची उमरखेडची मैत्रीण शिकवते. गणितात टक्केवारीचा धडा आला तेव्हा एकीने कबूल केले की शाळेत ती नेहमी पाचवीपर्यंतचेच वर्ग मागून घेते, टक्केवारी नको म्हणून. तिला शिकवायला कोण बसले असेल? अमरावतीची ती इंजिनिअरिंगची मुलगी. आठवड्यातून एकदा, मोबाइलवर, “खाला, पहले शंभर मान लो” म्हणत.

आता त्या मुलीचे आणि तिच्यासारख्या सात-आठ जणींचे म्हणणे आहे की त्यांनाही आमच्या वहीत घ्यावे. काहींना वाटते, हा एका वर्गाचा ग्रुप आहे, तो तसाच राहावा. काहींना वाटते, आम्ही निवृत्त झाल्यावर जूनमधले दाखले कोण बघणार? नव्या मुलींच्या पुढे ‘सासरचे गाव’ हा रकाना ठेवायचा की ‘नोकरीचे गाव’ म्हणायचे, यावरही एक छोटे भांडण झाले आहे. दिवाळीच्या सुट्टीत दिग्रसला बैठक आहे, तिथे ठरेल. खिचडी पुसदच्या मैत्रिणी करून आणणार आहेत.